मदत हवी आहे: फॅटी लिव्हर ग्रेड २, दोन डॉक्टर, दोन सल्ले

वय ४३, वजन ८४ किलो. दारू नाही, शुगर नॉर्मल, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह. सोनोग्राफी खरं तर मुतखड्यासाठी केली होती. खडा नाही, पण फॅटी लिव्हर ग्रेड २ निघालं. रक्तातली लिव्हर एन्झाइम्स: एसजीपीटी ७२, एसजीओटी ४१; प्लेटलेट २.३ लाख.

पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट उलटापालटा करून "हल्ली सगळ्यांनाच असतं, वजन उतरवा" म्हणत परत दिला. किती, कधीपर्यंत, काही नाही. दुसऱ्यांनी व्हिटॅमिन ई लिहून दिलं, वर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) सांगितला. गोळ्या अजून सुरू केलेल्या नाहीत.

७ ते १० टक्के वजन उतरलं तर लिव्हरची सूजही कमी होते असं वाचलं, म्हणजे माझे सहा ते आठ किलो. दोन महिन्यांत रोज ४५ मिनिटं चालून आणि गोड बंद करून तीन गेले, आता काटा अडलाय. गुडघ्यामुळे पळणं जमत नाही. काढे आणि डिटॉक्स कृपया सुचवू नका, ते घरचे रोज सुचवतातच.

वरच्या आकड्यांवरून फिब-४ (वय, एसजीपीटी, एसजीओटी आणि प्लेटलेटवरून लिव्हरमधल्या फायब्रोसिसचा, म्हणजे व्रणांचा, अंदाज देणारा आकडा) ०.९ येतो, म्हणजे १.३ च्या खाली, कमी धोक्याचा. असं असताना फायब्रोस्कॅन आत्ताच करावा, की आधी वजन उतरवून सहा महिन्यांनी एसजीपीटी बघावं? आणि मधुमेह नसताना कुणाला व्हिटॅमिन ई दिलं होतं का, किती दिवस?