सल्ला हवा: आजवर फिरलेल्या रेल्वेमार्गांचा नकाशा कसा करावा? (बंद पडलेल्या मीटरगेजसकट)

पूर्णा_जंक्शन
मंडळी, ज्या ज्या मार्गावरून रेल्वेने गेलोय ते सगळे एका नकाशावर रंगवायचं बरेच दिवस डोक्यात आहे. गाड्यांची यादी नकोय, मार्ग हवेत. मिरज–लोंढा झालं, मनमाड–नांदेड झालं, चाळीसगाव–धुळे अजून राहिलंय, हे बघताक्षणी कळलं पाहिजे.

गुगलच्या माय मॅप्सवर करून पाहिलं. दोन स्टेशनांमध्ये रेघ ओढली की ती डोंगर फोडून सरळ जाते. रस्ता धरून न्यायची सोय आहे, पण ती मोटार, सायकल आणि पायी एवढीच. रुळावर ठिपके देत बसायचं म्हटलं तर कसारा ते इगतपुरीतच संध्याकाळ व्हायची.

दुसरी अडचण त्याहून मोठी. माझं लहानपण मीटरगेजवर गेलं, म्हणजे रुळांमधलं अंतर (गेज) एक मीटर असलेल्या लाईनीवर; ब्रॉडगेज त्याहून रुंद. मनमाड–काचीगुडा, पूर्णा–अकोला, पुढे खंडव्यापर्यंत. मनमाडकडचं नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं, पूर्णा–अकोला २००८ मध्ये, आणि अकोटच्या पुढे मेळघाटातून जाणारी लाईन तर बंदच झाली. हे नकाशावर दाखवायचं कसं? फुकटातलं आणि मोबाइलवर उघडणारं काहीतरी सुचवा. प्रोग्रामिंगच्या नावाने शून्य आहे.

घाटमाथा
ब्राउटर वापरा. ब्राउझरमध्ये चालतं, पैसे नाहीत. सायकलवाल्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण त्यात प्रकारांच्या यादीत रेल्वेसुद्धा आहे. ती निवडायची, कर्जतवर एक टिचकी, लोणावळ्यावर दुसरी. रेघ आपोआप रूळ धरून पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल करत वर चढते. मग त्या रेघेची जीपीएक्स किंवा जिओजेसन फाइल उतरवून घ्यायची.

ती फाइल यूमॅपवर चढवा. तिथे थर करता येतात, प्रत्येक थराला रंग, जाडी, तुटक रेघ हवी तशी. दुवा पाठवला की मोबाइलवर उघडतो. दोन्ही गोष्टी ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून केलेल्या मोफत नकाशावर) चालतात, त्यामुळे रूळ जिथे आहेत तिथेच रेघ बसते.

एक सांभाळा. ब्राउटर त्याला सोयीचा मार्ग घेतो, तुमच्या गाडीचा नाही. दौंडला हमखास गडबड होते. पुण्याहून नगरला जाणाऱ्या गाड्या पूर्वी दौंड जंक्शनात शिरायच्या, इंजिन या टोकाचं त्या टोकाला जायचं, तोवर चहा व्हायचा. आता बऱ्याच गाड्या जंक्शन टाळणाऱ्या कॉर्ड लाईनवरून परस्पर वळतात. तुम्ही ज्या काळात गेलात तसा मधे एक ठिपका जंक्शनात किंवा कॉर्डवर टाका.

वहीवाला
घाटमाथा यांनी सांगितलेली साधनं उत्तमच, पण उलट्या टोकाने सुरुवात होतेय असं वाटतं. आधी तक्ता करा. साधी एक्सेलची शीट. एका ओळीत एक तुकडा: कुठून, कुठे, पहिल्यांदा कधी, त्या वेळचं गेज, दिवसा की रात्री, शेरा. तुकडा जंक्शन ते जंक्शन धरायचा, गाडीच्या पहिल्या स्टेशनापासून शेवटच्या स्टेशनापर्यंत नाही. पुणे–नांदेड असं लिहिलंत की संपलं, दौंड-मनमाडवरून गेलात की लातूर रोडवरून हे चार वर्षांनी तुम्हालाच सांगता येणार नाही.

नकाशाची साइट उद्या बंद पडेल, पैसे मागेल, काहीही होईल. तक्ता हाताशी असला तर नवा नकाशा कधीही निघतो.

जुने प्रवास शोधायला तिकिटांचे ईमेल आणि आरक्षणाचे एसएमएस चाळा. त्याआधीचं असेल तर जुनी टाइमटेबलं. न्यूमनचा इंडियन ब्रॅडशॉ रद्दीत किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसला तर सोडू नका. कुठली गाडी कुठल्या मार्गाने जायची हे त्यात स्टेशनवार सापडतं.

मिरजकर
मूळ मुद्द्याला कोणी हातच घातला नाही. झोपेत गेलेला मार्ग मोजायचा का?

माझं मत: नाही. मिरजेहून रात्री बसलो, सकाळी बंगळूर. मधलं लोंढा, हुबळी, अरसीकेरे मी बघितलंच नाही. ते रंगवायचं म्हणजे न वाचलेलं पुस्तक कपाटात मिरवण्यासारखं आहे.

वहीवाला
तिकीट काढलं, देह त्या रुळावरून गेला, मोजायचं. नाहीतर विदर्भ एक्सप्रेसने जाणाऱ्या निम्म्या नागपूरकरांच्या नकाशात कसाऱ्याच्या पुढे काहीच उरायचं नाही. म्हणून तर तक्त्यात दिवस-रात्र असा रकाना सांगितला. रात्रीचं तुटक रेघेने काढा, पुन्हा दिवसा गेलात की अखंड करा.

मिरजकर
तुटक रेघ चालेल. पण बेरजेत धरू नका.

शकुंतलेचा_भाचा
मी मूर्तिजापूरकडचा, त्यामुळे बंद लाईनींचा विषय माझा.

ब्राउटर चालू रुळांवरूनच नेतो. उखडलेली लाईन हातानेच काढावी लागते, पण अंदाजपंचे काढायची गरज नाही. ओपनरेल्वेमॅप उघडा, त्यात बंद पडलेले आणि उखडलेले मार्गही दिसतात, निदान जिथे कोणी नोंदवून ठेवलेत तिथे. गेजप्रमाणे रंग बघायची सोय वेगळी आहे: १६७६ मिलिमीटर म्हणजे ब्रॉडगेज, १००० मीटरगेज, ७६२ आणि ६१० नॅरोगेज. आमची यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर शकुंतला ७६२ची, माथेरानची ६१०ची.

तिथे नसेल तर टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकन लष्कराचे १:२,५०,००० प्रमाणातले भारताचे जुने नकाशे स्कॅन करून ठेवलेत. १९५०च्या दशकातली मालिका आहे. रेल्वे, स्टेशनं, नद्या सगळं दिसतं. ते बाजूला ठेवायचं आणि उपग्रहाच्या चित्रावर जुना भराव शोधायचा. शेतातून उगाचच एक लांबलचक वळण घेणारी झाडांची रांग दिसली की समजायचं.

तुमच्या अकोला–खंडव्यात धूळघाटचं वेटोळं आहे, ते मात्र जीव ओतून काढा. लाईन फिरून स्वतःच्याच वरून जायची, आकाराने थेट आपला देवनागरी चारचा आकडा (४). नवी ब्रॉडगेज व्याघ्रप्रकल्पाला वळसा घालून नेण्याचं ठरलंय, म्हणजे त्या वेटोळ्यावरून पुन्हा कोणी जाणार नाही. अकोल्यावरून खंडव्याला सरळ रेघ ओढलीत तर मी येऊन खोडून जाईन.

पूर्णा_जंक्शन
सगळ्यांचे आभार. ब्राउटरवर परभणी–परळी काढून पाहिलं, एका मिनिटात झालं. धूळघाट आठवतं हो, खिडकीतून खाली बघितलं की आपण आत्ताच ज्यावरून आलो ते रूळ दिसायचे. जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस त्याच लाईनने यायची.

आता एकच शंका. मनमाड–पूर्णा मीटरगेजवरून गेलो आणि पुढे ब्रॉडगेजवरूनही. एक रेघ की दोन?

घाटमाथा
एक. जमीन तीच, स्टेशनं तीच. गेज बदललं म्हणून मार्ग बदलत नाही.

शकुंतलेचा_भाचा
दोन! जमीन तीच म्हणता, पण मीटरगेजच्या डब्यातली ती दाटी आणि तो झोका आता कुठून आणणार? यूमॅपमध्ये मीटरगेजचा थर वेगळा ठेवा, थोडी जाड फिकट रेघ खाली, त्यावर ब्रॉडगेजची बारीक गडद. दोन्ही दिसतात.

वहीवाला
मधला मार्ग असा: रूळ त्याच भरावावर टाकले असतील तर एक रेघ, गेज तक्त्यात. वळण बदललं असेल तर दोन. हा नियम गेज न बदलताही लागू पडतो. भोर घाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन (जिथे गाडी उलट दिशेने निघायची) १९२९च्या नव्या वळणाने मागे पडलं, गेज तेव्हाही ब्रॉडच होतं. उलट कर्जत–लोणावळा आज तीन लाईनींचं आहे, अप, डाउन आणि मिडल. म्हणून काही कोणी तीन वेळा रंगवत नाही.

कोकणकन्या_बर्थ७
उशिरा आले. कोणी जीपीएस लावून प्रवास नोंदवा असं सुचवलं तर कोकण रेल्वेवर त्या नादी लागू नका. बोगदा आला की सिग्नल जातो, आणि करबुडेचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. नोंदलेली रेघ या तोंडापासून त्या तोंडापर्यंत वाटेल तशी उडी मारते. एसी डब्यात तर खिडकीशी धरूनही फोन चाचपडतो. ब्राउटरनेच काढा.

आणि नकाशा सगळ्यांना दिसेल असा ठेवणार असाल तर तारखा त्यात घालू नका, तक्त्यातच राहू द्या. घर कधी रिकामं असतं हे जगाला सांगायची गरज नाही.

मिरजकर
पूर्णा, चाळीसगाव–धुळे राहिलंय म्हणालात ना, छप्पन्न किलोमीटरची तर लाईन आहे. सकाळी जाऊन या आणि येताना वाटेत आहे म्हणून जळंब–खामगाव जोडू नका, तो फाटा भुसावळच्याही पलीकडे शेगावच्या अलीकडे आहे. नकाशावर जवळ दिसतो, गाडीत बसल्यावर कळतं.

पूर्णा_जंक्शन
धुळ्याला दिवसाच जाणार. तुमच्या बेरजेत बसायला हवं ना!