ट्रॅक डेच्या व्हिडिओवर गाडीचा डेटा चढवताना सिंक सुटतोय, मदत हवी आहे

चौथा_गिअर:

नमस्कार मंडळी,

पुण्याहून आम्ही काही मित्र कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला (स्वतःची गाडी रेसट्रॅकवर चालवायचा दिवस) जातो. ट्रॅक जेमतेम २.१ किमीचा. तिथे ब्रेक कुठे लावला आणि थ्रॉटल कधी उघडला यावरच लॅप ठरतो, आणि नुसता व्हिडिओ बघून ते कळत नाही. माझी आणि मित्राची गाडी एकच, टायर तेच, तरी तो माझ्यापेक्षा चांगलाच वेगात फिरतो. तो नेमका कुठे वेळ कमावतो हे दोघांचे लॅप शेजारी लावून बघायचंय. म्हणजे ओव्हरले (व्हिडिओवर चढवलेले आकडे) शोभेला नकोय, आकडा चित्राशी जुळलाच पाहिजे.

सेटअप असा: पोलो जीटी टीएसआय. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायचं सॉकेट) बाजारात मिळतं ते बिननावाचं ब्लूटूथ ईएलएम३२७ डोंगल, ते ही माहिती फोनला पाठवतं. अँड्रॉइड फोनवर रेसक्रोनो प्रो हे लॅप नोंदवणारं ॲप, जीपीएस फोनचाच. हेडरेस्टच्या दांड्यांना क्लॅम्प करून गोप्रो. सेशन साधारण २० मिनिटांचं असतं. गोप्रो मोठ्या रेकॉर्डिंगचे तुकडे पाडतो, ते एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडून एक फाइल करतो, रेसक्रोनोमधून सीएसव्ही (आकड्यांची फाइल) काढतो आणि दोन्ही रेसरेंडर या ओव्हरले बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालतो.

पिटमधून निघताना सगळं जुळवलं तरी सेशन संपेपर्यंत डेटा सेकंदभराहून जास्त मागे पडतो. ही मुख्य अडचण. शिवाय पहिल्या लॅपलासुद्धा ब्रेक लागून गाडीचं नाक खाली गेलेलं दिसतं, आणि वेगाचा आकडा मात्र अजून चढतच असतो. आरपीएमचा (इंजिनचे मिनिटाला फेरे) काटा तर उड्या मारतो: गिअर बदलल्याचा आवाज येऊन जातो, मग कधीतरी काटा पडतो. ॲपमध्ये ओबीडीच्या सगळ्या मिळून सेकंदाला १०-१२ नोंदी दिसतात, चॅनल (आरपीएम, थ्रॉटल अशी एकेक नोंद) सात लावलेत.

आणखी एक, ब्रेक किती दाबला तेही पट्टीवर दाखवायचंय. ओबीडीच्या यादीत ते सापडत नाही. कुणी केलंय का?

रात्रपाळी:

आधी एक तपासा. सेशनच्या बरोबर मध्यावर, म्हणजे १० व्या मिनिटाला, डेटा किती मागे आहे? शेवटी जेवढा आहे त्याच्या निम्मा असेल तर फ्रेम रेटचा (सेकंदाला किती चित्रं) घोळ आहे. तुकड्यांच्या जोडावर एकदम उडी दिसत असेल तर जोडताना काहीतरी गळतंय. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर ती सेन्सरची दिरंगाई, तिचा इलाज वेगळा. या तिन्हींची गल्लत केली की माणूस रात्रभर स्लायडर सरकवत बसतो.

चौथा_गिअर:

मोजलं. मध्यावर साधारण ०.६ सेकंद, शेवटी १.२. जोडांवर उडी नाही.

रात्रपाळी:

मग उत्तर मिळालं. कॅमेरा एनटीएससी या व्हिडिओ पद्धतीवर असणार. त्यात '३०' म्हणजे खरं तर २९.९७ फ्रेम. तुमचा एडिटिंगचा प्रोजेक्ट पूर्ण ३० चा असेल आणि सॉफ्टवेअरने फ्रेमला फ्रेम लावली असेल, तर व्हिडिओ हजारात एक भाग आखडतो. २० मिनिटं म्हणजे १२०० सेकंद, त्याचा हजारावा भाग १.२ सेकंद. तुमचा आकडा तोच.

सगळ्यात सोपं म्हणजे कॅमेरा पाल या दुसऱ्या पद्धतीवर टाका, तिथे २५ आणि ५० हे पूर्ण आकडे असतात. ट्रॅकसाठी ५० घ्या, स्टिअरिंगवरचे हात स्वच्छ दिसतात. जुन्या फाइलींसाठी प्रोजेक्ट २९.९७ चा करून पुन्हा जोडा. तुकडे री-एन्कोड (पुन्हा कॉम्प्रेस) न करता जोडता आले तर उत्तमच.

फोनने शूटिंग करणाऱ्यांनीही लक्ष द्यावं. बरेच फोन बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतात, मग सरकणं सरळ रेषेतही नसतं. अशी फाइल आधी स्थिर फ्रेम रेटवर आणल्याशिवाय पुढे जाऊच नका.

खंबाटकीचा_वारा:

ब्रेकच्या वेळी आकडा मागे राहतो ते फोनच्या जीपीएसमुळे. बहुतेक फोन सेकंदाला एकच नोंद देतात. ताशी १२० ला गाडी सेकंदात ३३ मीटर जाते, म्हणजे तुमचा ब्रेकिंग पॉइंट दोन नोंदींच्या मध्ये हरवतो आणि ॲप तिथे सरळ रेघ ओढतं. हे एडिटिंगमध्ये दुरुस्त होत नाही, कारण ती माहिती मुळात नोंदलीच गेलेली नाही. १० हर्ट्झच्या (सेकंदाला १० नोंदी) बाहेरच्या जीपीएस रिसीव्हरवर हेच अंतर ३.३ मीटर होतं, रेसबॉक्स मिनीसारख्या २५ हर्ट्झवाल्यावर सव्वा मीटरच्या आसपास. मित्राशी तुलना करायची असेल तर पहिला खर्च यावर करा आणि दोन्ही गाड्यांत एकच रिसीव्हर वापरा. तरीही साध्या जीपीएसवरून 'तो एपेक्सला (वळणाचा सर्वांत आतला बिंदू) हातभर आतून गेला' असले निष्कर्ष काढू नका, तेवढी अचूकता त्यात नसते. वेगाचा आलेख मात्र भरवशाचा असतो.

ओबीडीचा वेग ओव्हरलेत घेऊ नका. तो पूर्ण किलोमीटरमध्ये येतो, दशांश नाहीत, आणि चाकं घसरली की खोटा बोलतो.

आरपीएमचं गणित तुम्हीच दिलंय. सेकंदाला १०-१२ उत्तरं सात चॅनलमध्ये वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला दीड. ओबीडीत गाडी आपणहून काही पाठवत नाही, एकेक प्रश्न विचारावा लागतो. कूलंटचं तापमान सेकंदाला विचारायची काय गरज? आरपीएम आणि थ्रॉटल ठेवा, बाकीचे बंद करा किंवा सावकाश विचारायला लावा. आजच फरक दिसेल. डोंगल बदलणार असाल तर ओबीडीलिंक एमएक्स प्लस घ्या, वेगात बराच फरक आहे.

चौथा_गिअर:

दोघांचेही मनापासून आभार. घराजवळच्या रिकाम्या रस्त्यावर दोनच चॅनल ठेवून बघितलं, आरपीएम आता गिअरबरोबर पडतोय. प्रोजेक्ट ३० चाच होता, २९.९७ करून जुनी फाइल पुन्हा काढली, शेवटच्या लॅपपर्यंत जुळली. ब्रेकचं काय करता येईल?

रात्रपाळी:

ओबीडीच्या प्रमाणित चालू डेटात ब्रेकचा दाब नाहीच. तो गाडीच्या कॅन बसवर (गाडीतल्या संगणकांना जोडणारं जाळं) असू शकतो, पण कुठल्या संदेशातल्या कुठल्या बाइटमध्ये ते कंपनीगणिक वेगळं, आणि बऱ्याच गाड्यांत ओबीडी सॉकेटच्या आधी गेटवे बसलेला असतो, तो ही रहदारी बाहेर येऊ देत नाही. वायरिंगला हात लावायची माझी सल्लावजा शिफारस नाही, ब्रेकच्या बाबतीत तर अजिबात नाही.

त्याऐवजी पुढे-मागे लागणारा जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला जोर) दाखवा. जीपीएसच्या वेगावरून तो काढता येतो, आणि शिकायला तोच जास्त उपयोगी आहे. पायाने किती दाबलं यापेक्षा गाडी किती थांबली ते कळतं. मित्र झटकन पूर्ण ब्रेक लावून वळणात हळूहळू सोडतो की नाही, ते त्या आलेखाच्या उतारावर स्वच्छ दिसेल.

खंबाटकीचा_वारा:

सिंकसाठी शेवटचं. तुमचा गोप्रो हिरो ५ ते ११ मधला ब्लॅक किंवा १३ ब्लॅक असेल तर त्यात स्वतःचा जीपीएस आहे (१२ मध्ये काढला होता). तो चालू ठेवा. व्हिडिओ फाइलमध्येच वेगाची नोंद येते. तो आलेख आणि रिसीव्हरचा आलेख एकावर एक ठेवून सरकवा, सगळी शिखरं बसली की ढोबळ सिंक झालं. मग आवाजावरून पक्कं करा: गिअर बदलल्याचा आवाज आणि आरपीएमचं पडणं. एकदा पहिल्या लॅपला आणि एकदा शेवटच्या लॅपला बघा.

आणि रिसीव्हर छतावर मॅग्नेटने लावायच्या आधी आयोजकांना विचारून घ्या. काही ठिकाणी बाहेर काहीही लावू देत नाहीत. डॅशबोर्डवर काचेजवळ ठेवलात तरी चालेल, पण नीट घट्ट बांधून. फोन मात्र उन्हातून बाजूला घ्या, कोइंबतूरच्या दुपारी तापला की स्क्रीन आधी मंद करतो आणि मग रेकॉर्डिंगच बंद पाडतो.