बिनविषाच्या गटातल्याच माश्या मेल्या!

प्रश्न: डायमेथोएट या कीटकनाशकाची स्पर्श-चाचणी करतेय. मधमाशीच्या पाठीवर त्याचा 1 मायक्रोलिटरचा थेंब, मग 25 अंशांवर अंधारात 48 तास. पण विष विरघळवायचं नुसतं ॲसिटोन लावलेल्या 30 पैकी 5 माश्या आज पिंजऱ्याच्या तळाशी पाय आखडून पडलेल्या! बाकीचे आकडे तरी वापरू ना?

उत्तर १: नाही. त्या गटात 10 टक्क्यांवर मरतूक गेली की चाचणी बाद. भूल द्यायला कार्बन डायऑक्साइड किती वेळ सोडलात?

उत्तर २: माश्या पेटीतल्या कुठल्या फ्रेमवरून घेतल्या? अंडी-अळ्या नसलेल्या फ्रेमवरच्या घ्या, कोवळ्या नकोत. साखरपाणी 50 टक्के आहे ना?

प्रश्नकर्ती: साखरपाणी बरोबर होतं. वायूची वेळ मात्र मोजलीच नाही, थेंबांच्या नादात नळी चालूच राहिली. आता पुन्हा माश्या पकडणं आलं, आणि मागच्या वेळी माशी चावलेलं बोट अजून सुजलेलंच आहे.