ओढा आटतोय, ट्राउट डबक्यात अडकलेत, मदत हवी आहे

ओढाकाठ: घरामागचा ओढा वाहायचा थांबलाय, फक्त एक डबकं उरलंय आणि त्यात बोटभर ट्राउट (गार पाण्यातले मासे) फिरताहेत. बादलीत घेऊन खालच्या मोठ्या डोहात सोडू का? लवकर सांगा प्लीज.

रानवेडा: कुठला ओढा? डबकं किती खोल? पाण्याचं तापमान बघितलंत का?

मत्स्यप्रेमी७: एवढं काय विचारताय, नळाचा पाइप सोडा आणि फिशटँकवाला बॅटरीचा एअर पंप लावा, माझ्या टँकमध्ये लाईट गेली की तेच करतो.

रानवेडा: नळाचं पाणी अजिबात नको!! त्यात क्लोरामाईन (जंतू मारायला घालतात ते रसायन) असतं, कल्ल्यांतून थेट रक्तात जातं, आणि क्लोरीनसारखं ते नुसतं उघड्यावर ठेवून पटकन उडतही नाही.

मत्स्यप्रेमी७: मग क्लोरामाईन घालवायच्या औषधाचे थेंब टाकायचे, सोपंय.

रानवेडा: अहो तो ओढा आहे, टँक नाही.

ओढाकाठ: कॅलिफोर्नियातलं ओकलंड, सॉसल क्रीक ओढ्याचा वरचा भाग. पाणी गुडघाभर. दुपारी तळाशी १८ अंश आलं.

कॅलिफोर्नियाकर: मुलाला ट्राउट फिशिंग शिकवायचंय, लायसन्स किती वर्षांपासून लागतं?

निसर्गमित्र_मीरा: १६ पासून, पण त्यासाठी वेगळा धागा काढा.

ओढाकाठताई, १८ म्हणजे घाबरायचं कारण नाही. २० च्या वर ताण येतो, २४-२५ ला धोका. वरून ओढा कोरडा दिसला तरी खडीखालून पाणी झिरपत असतं, ते गार असतं, त्यावरच असे डोह पावसाळ्यापर्यंत तग धरतात आणि मासे काठाखालच्या कपारीत, पडलेल्या फांद्यांखाली दबा धरून बसतात. म्हणून फांद्या उचलू नका, सावलीची झाडं छाटू नका, कुत्र्याला पाण्यात सोडू नका. बादलीत ते गुदमरतात आणि परवानगीशिवाय हलवणं बेकायदा आहे. मोठ्या डोहात आधीच दाटी असेल तर तिथेही उपासमारच. राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याला फोन करा.

जुनाजाणता: इथल्या माशांचा इतिहास मोठा आहे, शेजारच्या सॅन लिअँड्रो क्रीकमधल्या माशांवरून १८५५ मध्ये रेनबो ट्राउटचं शास्त्रीय वर्णन झालं होतं. आणि लॉनचं वाहून आलेलं पाणीही शहरातले ओढे उन्हाळ्यात जिवंत ठेवतं, ते बंद करू नका.

रानवेडा: त्या पाण्यात कीटकनाशकंही येतात, सरसकट कसं म्हणता?

जुनाजाणता: कोरड्या ओढ्यापेक्षा बरं.

ओढाकाठ: भांडू नका हो. पहाटे पाण्यातला ऑक्सिजन मोजू का?

निसर्गमित्र_मीरा: हो, ऑक्सिजन पहाटेच सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर व्हिडिओ काढून लगेच त्या खात्याला पाठवा. आणि पहिल्या पावसावर लक्ष ठेवा, रस्त्यावरची टायरची घाण तेव्हाच एकदम ओढ्यात उतरते.