बाजरीचं पीठ दहा दिवसांत कडवट होतं, काय घेऊ? (बजेट २००० रु.)

मुक्ता_चिंचवड: गावाहून २० किलो बाजरी आलीय. लेकीचं हिमोग्लोबिन ९ वर आलंय, गोळ्या चालू आहेत, जोडीला रोज भाकरी करते. पण गिरणीतून ५ किलो दळून आणलं की दहाव्या दिवशी पिठाला खवट वास येतो आणि लेक पहिलाच घास बाहेर काढते. हवाबंद डबा घेऊ की दुसरं काही?

रानवारा: घरघंटी घ्या. आम्ही २२ हजारांना घेतली, चार वर्षांत तक्रार नाही.

शिरूरकर: दादा, बजेट वाचा. ताई, दोष डब्याचा नाही. बाजरीत ५ टक्क्यांच्या आसपास तेल असतं, गव्हात दोनाच्या आत. दाणा अखंड आहे तोवर ते टिकतं. दळलं की दाण्यातलंच लायपेज (तेल फोडणारं एन्झाइम) त्या तेलाला लागतं आणि पीठ खवट होतं. म्हणून साठवायची बाजरी, पीठ नाही.

माई_सोलापूर: बाजरी उष्ण. आम्ही बारा महिने ज्वारीच खातो.

शिरूरकर: माई, लोह बाजरीत जास्त. आम्ही धनशक्ती वाण पेरतो, ते तर मुद्दाम जास्त लोहासाठीच काढलंय.

सुगरण७२: पीठ फ्रीजमध्ये ठेवा. आणि बाजरीच्या कोठीत किडीच्या गोळ्या टाका.

अन्नतंत्र_राहुरी: गोळ्या अजिबात नकोत! अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या वायूनं घरातली माणसं दगावतात. बाजरी कडकडीत वाळवून कोरड्या कोठीत घट्ट बंद करा. पीठ टिकवायचंच असेल तर बाजरी फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, लगेच गार पाण्यात काढा, खडखडीत वाळवा, मग दळा. लायपेज मरतं, पीठ बरंच जास्त टिकतं. वाळवण अर्धवट राहिलं तर बुरशी धरते, आमची एक खेप तशीच गेली. लोह अंगी लागावं म्हणून भाकरीबरोबर लिंबू द्या, चहा देऊ नका.

रानवारा: म्हणूनच म्हणतो, घरघंटी. हवं तेवढंच दळायचं.

मुक्ता_चिंचवड: सगळ्यांचे आभार. डबा नाही, घरघंटी नाही. माळ्यावर सासूबाईंचं जातं होतं, टाकी लावून (दगड पुन्हा खरबरीत करून) घेतलं, ३०० रुपये लागले. सकाळी दोन वाट्या दळते, लेक खुंट्याला हात लावते. पहिल्या दिवशी पीठ भरड आलं, भाकरी कडेनं फाटली. कोंड्यातलं लोह जाऊ नये म्हणून चाळलं नाही, तेच पीठ पुन्हा जात्यात घातलं. आज लेकीनं दीड भाकरी खाल्ली.