अमेरिकेनं चिनी बायोटेकला दार लावलं, आपण कधी लावणार?

तापीकाठ: 2024 ला अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहानं बायोसिक्युअर बिल पास केलं, त्यात डीएनए तपासणारी बीजीआय, औषध कंपन्यांची कामं करून देणारी वूशी ॲपटेक धरून 5 चिनी कंपन्यांची नावंच होती, सरकारी पैशातनं यांची मशीनं नि सेवा नाही घ्यायच्या. चीनचा 2017 चा गुप्तवार्ता कायदा म्हणतो सरकारनं मागितलं की कंपनीनं मदत करायची, मग आपल्या लोकांचा डीएनए डेटा कुठं जाईल सांगा? आपण 2020 ला प्रेस नोट 3 नावाचा सरकारी आदेश काढून शेजारी देशांच्या गुंतवणुकीला चाळणी लावली, पण लॅबमधल्या डीएनए वाचायच्या मशीनचं काय? सरळ बंदी घाला.

औषधवाला_जळगाव: बंदी घालणं सोपं आहे भो, मग औषधं कुठून आणशील? अँटिबायोटिकचा कच्चा माल असलेलं पेनिसिलिन जी बनवणारे आपले कारखाने चीनच्या स्वस्त मालापुढं बंद पडले, 2020 ला पीएलआय, म्हणजे देशात माल बनवला तर सरकारी पैसे द्यायची योजना, आणली तरी आंध्रातल्या काकीनाड्याचा प्लांट सुरू व्हायला 2024 उजाडलं. आणि अमेरिकेचं अर्धंच नको सांगू, 2025 च्या डिसेंबरात संरक्षण खर्चाच्या कायद्यात घालून जे पास झालं त्यात ती नावं नाहीत, चालू करारांना मुदतही दिली. त्यांनाही एका झटक्यात जमलं नाही.

केळीवाला_रावेर: तुम्ही दोघं दिल्ली-वॉशिंग्टनच फिरताय. आमच्याकडं धोका रोपातनं नाहीतर मातीतनं येतो. केळीचा टीआर4 मर रोग बिहारात पोचलाय, बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते, औषध नाही, आणि रावेर-यावलला जिकडं बघाल तिकडं ग्रँड नैन जातीची केळी, जी त्याला हमखास बळी पडते. कुणी मुद्दाम आणला असं मी म्हणत नाही, पण कुणाला आणायचाच असेल तर अवघड काय आहे? 2025 ला अमेरिकेत चिनी संशोधकांवर फ्युजेरियम बुरशी चोरून आणल्याची केस झाली, ती गव्हा-मक्यावरची, टीआर4 तिच्याच कुळातला.

तापीकाठ: मग बंदीच ना!

केळीवाला_रावेर: बंदी एचटीबीटी, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणाऱ्या कापसावर पण आहे. पेरणीच्या टायमाला बियाण्याची पाकिटं येतातच ना, कुठून येतात ते लहान पोरगंही सांगेल.

धुळेकर_अण्णा: परदेशी म्हणजे फक्त चीनच का? बीटी कापूस 2002 ला आला तो मोन्सँटो या अमेरिकन कंपनीच्या जीनवर. 2016 ला सरकारनं पाकिटामागची रॉयल्टी 49 रुपयांवर आणली, बरोबरच केलं, पण कंपनीनं त्याच वर्षी पुढच्या वाणाचा अर्ज मागं घेतला, आणि 2017 ला गुलाबी बोंडअळीनं आपली वाट लावली. भाताच्या जीनोम एडिटेड, म्हणजे जीनमध्ये नेमका बदल केलेल्या, जाती 2025 ला आपल्याच संस्थांनी काढल्या, मग कापसाचं घोडं कुठं अडलं?

औषधवाला_जळगाव: अण्णा, सरकारचे नियम परवडले नाहीत म्हणून कंपनी मागं सरली त्याला राष्ट्रीय सुरक्षेचा धोका म्हणायचं? तो धंदा झाला. असं सगळंच एका पोत्यात भरलं तर खरा धोका सापडणारच नाही.

धुळेकर_अण्णा: बियाणं दुसऱ्याच्या हातात असलं की धंदा काय न् धोका काय, शेतकऱ्याला सारखंच.

केळीवाला_रावेर: डेटाचं तुम्ही बघा. आम्हाला तालुक्याला टीआर4 तपासणारी एक लॅब द्या आणि बाहेरून येणाऱ्या रोपांच्या गाडीला नाक्यावर सर्टिफिकेट विचारा, हेलमेट विचारता तसं.