धबधब्यातील रॅपलिंग: पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला काय विचारावे?

खारपाणपट्टा
नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातील एका गावी शिक्षक असून माझे वय 43 आहे. आमचा मुलूख काळ्या मातीचा आणि सपाट असल्यामुळे उंचीशी माझा संबंध विहिरीच्या काठावरून आत डोकावण्यापुरताच आला आहे. येत्या श्रावणात चिखलदऱ्याजवळ ‘रेनफॉरेस्ट ट्रेक आणि धबधब्यातून रॅपलिंग’ (म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरणे) अशी एका आयोजकाची एक दिवसाची सहल आहे आणि बारावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने तिथे जायचेच, असा हट्ट धरला आहे. तिच्यासोबत मीही उतरणार आहे. आम्हा दोघांनाही पोहता येत नाही आणि दोर तुटण्याची भीती माझ्या मनातून जात नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओला दोर
सर, दोराची काळजी सर्वांत कमी करा. रॅपलिंगसाठी 10 ते 11 मिलिमीटर जाडीचा, फारसा न ताणणारा जो स्टॅटिक दोर वापरतात, तो दोन हजार किलोहून अधिक भार पेलतो. घात होतो तो कड्याच्या धारेवर दोर घासल्याने, तो एकाच झाडाला किंवा एकाच खिळ्याला बांधल्याने आणि मुख्यतः पाण्यामुळे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा की दोर दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेला असेल का, आणि मुख्य दोराशिवाय मार्गदर्शकाच्या हाती असलेला दुसरा सुरक्षा दोर प्रत्येकाला मिळेल का.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, पाण्याच्या धारेखाली कोणी अडकला तर त्याला खाली कसे सोडणार? माझ्या पहिल्याच वेळी माझ्यापुढे उतरणाऱ्या एका ताईंच्या ओढणीचे टोक डिसेंडरमध्ये, म्हणजे ज्या धातूच्या कडीतून दोर फिरतो तिच्यात, गुंतले आणि त्या भर पाण्यात लटकून राहिल्या. वरचा दोर पक्क्या गाठीने बांधलेला असल्यामुळे तो सैल सोडता येईना. शेवटी एक मुलगा दुसऱ्या दोराने उतरला आणि त्याने ओढणी कापली, तोवर त्यांचे ओठ निळे पडले होते. मुख्य दोर वरून हळूहळू सैल सोडता येईल अशीच बांधणी धबधब्यात हवी. ओढणी, मोकळे केस, गळ्यातला दुपट्टा यांपैकी काहीही लोंबते राहू देऊ नका.

उतरताना नवखा माणूस भीतीने खडकाला बिलगतो आणि तिथेच त्याचा पाय शेवाळावरून सटकतो. शरीर मागे झुकवून, पावले खांद्याइतकी फाकवून पूर्ण तळवा खडकावर टेकवला, तरच पकड मिळते. खालचा हात, जो दोर आवळून वेग रोखतो, तो काही झाले तरी सोडायचा नाही. पाणी डोक्यावर आले की वर पाहू नका. हनुवटी छातीला लावली म्हणजे हेल्मेटच्या कडेखाली श्वासापुरती मोकळी जागा राहते. धबधब्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, त्यामुळे शिट्टीच्या खुणा आधीच ठरलेल्या असाव्यात. आणि खाली डोह असेल, तर पोहता न येणाऱ्याने लाइफ जॅकेटशिवाय उतरूच नये.

सातपुड्याची लेक
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी जंगलाविषयी लिहिते, कारण माझे माहेर परतवाड्याचे आहे. जाहिरातीतील ‘रेनफॉरेस्ट’ हा शब्द मला खटकतो. मेळघाटचे जंगल सागाचे, उन्हाळ्यात पाने गाळणारे शुष्क पानझडी जंगल आहे. वर्षभर हिरवे राहणारे सदाहरित जंगल पाहायचे तर आंबोलीकडे सह्याद्रीत जावे लागते, जिथे चिखलदऱ्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. आपले जंगल आपल्या नावानेच पुरेसे सुंदर आहे. मेळघाट हा 1973 साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक असल्यामुळे धबधबा कोणाच्या हद्दीत येतो आणि वनविभागाची परवानगी आहे का, हे लेखी मागा. साहसी पर्यटनासाठी राज्याने 2021 मध्ये धोरण आणले असून त्यात आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे.

झड लागलेली असताना तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या पठारावर तो कोसळत असतो. पाणी अचानक गढूळ झाले, काड्या व पाने वाहून येऊ लागली किंवा आवाज बदलला, तर नाला सोडून ताबडतोब उंच काठावर जावे. बोलत बसू नये.

आणखी एक गोष्ट, जी आयोजक सहसा सांगत नाहीत. पावसाळी गवतातील बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. 2018 साली नागपूर आणि आसपास त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. पूर्ण बाह्या घाला, पँट मोज्यात खोचा, गवतावर बसू नका. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगा आणि अंगावर काळी खपली असलेला डाग आहे का ते पाहून घ्या, कारण वेळीच ओळखला तर हा आजार साध्या प्रतिजैविकाने बरा होतो.

खारपाणपट्टा
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज आयोजकाला फोन केला. दुसरा सुरक्षा दोर आहे, असे त्यांनी लगेच सांगितले. अडकलेल्याला खाली कसे सोडाल, या प्रश्नावर मात्र ‘आमच्याकडे असे कधी होत नाही’ एवढेच उत्तर मिळाले आणि परवानगीचा कागद दाखवण्यास टाळाटाळ झाली. मी पैसे भरलेले नाहीत. मुलगी नाराज आहे, परंतु आधी एखाद्या कोरड्या कड्यावर रीतसर प्रशिक्षण घ्यायचे आणि पाण्यात त्यानंतरच उतरायचे, हे तिने मान्य केले आहे. अमरावती किंवा नागपूर परिसरात असे प्रशिक्षण हिवाळ्यात कोण देते, हे कोणास ठाऊक असल्यास अवश्य कळवावे.